मैनेची हाक आणि अस्वलाचा होकार

जांभळांच्या एका रानात एक मैना राहत असे. तिच्या गळ्यात अशी गोडी होती, की कोणाला रानात काही कळवायचे असले म्हणजे तो तिलाच गाठी. एकदा अस्वल आले. "यंदाची जांभळे मला एकट्याला संपायची नाहीत. प्राण्यांनी थोडा मध आणावा आणि पोटभर जांभळे खावीत, अशी हाक तू रानभर घाल. त्या बदल्यात माझ्या झाडातली ढोली तुझी." मैनेची अंडी घालायची वेळ जवळ आली होती. तिने त्याच सकाळी हाक रचली : "जांभळे पिकली काळीभोर, या रे सारे थोरपोर!"

"झकास!" अस्वल म्हणाले. "फक्त कोल्ह्याच्या कानावर घाल." कोल्हा म्हणाला, "'काळी' कशाला? अशुभ वाटते." मैनेने शब्द बदलला. मग अस्वलाला मोराची आठवण झाली. मोराला हाकेत नाचाचा ठेका हवा होता. ठेका घातला, तर सांबराला हाक लांबलचक वाटली. कापली, तर कोल्ह्याला तोकडी वाटली. उडून उडून मैनेचे पंख भरून आले.

"अस्वलदादा, सगळ्यांना एकदाच एका झाडाखाली बसवा ना," ती काकुळतीने म्हणाली. "जांभळे गळायला लागली आहेत." अस्वलाने जांभई दिली. "अगं, चांगल्या कामाला वेळ लागतोच. एवढा घुबडाचा शब्द घे, की झालेच."

घुबडाने डोळे मिटून तीन दिवस विचार केला आणि म्हटले, "पहिलीच हाक बरी होती." मैनेला रडूच आले; तरी ती उडाली. तिची हाक ऐकून प्राणी मध घेऊन लोटले. पाहतात तो झाडाखाली नुसता आंबलेला लगदा आणि त्यावर घोंघावणाऱ्या माश्या! सारे नाक मुरडून परतले. अस्वल खवळले, "तुझ्या हाकेतच दम नव्हता!" कोल्हा म्हणाला, "मी पहिल्यापासून सांगत होतो." ढोली घुबडाला मिळाली. मैनेने उघड्या फांदीवर चार काड्या रचून अंडी घातली. दुसऱ्याच दिवशी वावटळ आली आणि अंडी खाली पडून फुटली. तिचे सांत्वन करायला कोणी आले नाही. हाक फसलेल्या मैनेकडे कोण जाणार?

पुढच्या वर्षी साळिंदर आले. त्याची करवंदे पिकली होती. मैनेने आधी विचारले, "शेवटचा होकार कोणाचा? आणि तो कोणत्या दिवसापर्यंत मिळेल?"

"बाई गं, केवढा हा ताठा!" असे म्हणून साळिंदर पोपटाकडे गेले. पोपटाने काही न विचारता लगेच हाक रचायला घेतली. मैना लांबून पाहत राहिली. ती त्याला सावध करायला गेली नाही.

तात्पर्य : काम हाती घेण्याआधी होकार कोणाचा आणि कधीपर्यंत, हे विचारून घ्यावे. विचारणाऱ्याच्या हातचे काम जाते. न विचारणाऱ्याचे काम तर जातेच, वर दोषही त्याच्याच माथी येतो.