दीर्घिकांचा दोरा

१९ डिसेंबर, मंगळवार. सकाळी कडाक्याची थंडी. वारा नाही. लोणारच्या सरोवरावर धुकं.

"पण दोराच नसेल, तर या दीर्घिका ओळीनं उभ्या कशा राहिल्या? सांगा ना महाराज!"

डॉ. उदयन सरंजामे बसल्या जागी पुढे सरकले. समोर केशरगीर महाराज. मठात येण्याआधी ते शाळेत गणित शिकवायचे. सरंजामे त्यांचेच विद्यार्थी.

"तुझा दोरा पुन्हा सांग बरं. म्हातारा झालो मी."

"विश्व कोवळं होतं, तापलेलं होतं. निवताना त्याला तडे गेले. तेच वैश्विक तंतू. अणूहून बारीक, डोंगरांहून जड. त्यांच्याभोवती द्रव्य गोळा झालं आणि दीर्घिका झाल्या. माझं अख्खं आयुष्य यात गेलं, महाराज."

"मग अडलं कुठे?"

"विश्वाच्या बालपणीचा प्रकाश आता मोजलाय. त्यातले चढउतार तंतूंशी जुळत नाहीत."

"आणि शुक्रवारी परिषदेत काय वाचणार?"

सरंजाम्यांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"ते आकडे वगळून वाचणार."

"म्हणजे हातचा गाळायची खोड अजून गेली नाही तुझी!"

"थट्टा नको. तंतू काढून घेतला, तर माझ्यापाशी उरतं काय?"

महाराजांनी गळ्यातली रुद्राक्षाची माळ काढली. ती त्यांच्या गुरूंची. दुसऱ्या कुणाला ते तिला हात लावू देत नसत.

दोन्ही मुठींत धरून त्यांनी ती तोडली.

मणी उडाले. सारवलेल्या जमिनीवर घरंगळत गेले.

"अवो महाराज, गुरूची माळ!" मठाचा स्वयंपाक बघणाऱ्या, चुलीपाशी बसलेल्या पार्वताआईनं तोंडावर पदर घेतला.

महाराज सरंजाम्यांकडे वळले.

"बघ, कुठे थांबले."

जमीन सपाटच दिसत होती. पण मणी सारखे पसरले नव्हते. कुठे घोळका, कुठे लांबट ओळ, मधे नुसती मोकळी जागा. सरंजाम्यांनी एका घोळक्याखाली बोट फिरवलं.

तिथे जमीन किंचित खोल होती. डोळ्याला दिसू नये इतकी...

तुटका दोरा महाराजांच्या बोटांत लोंबत होता.



सरंजाम्यांनी पिशवीतून निबंध काढला. शेवटच्या पानावरचा निष्कर्ष खोडला. वगळलेले आकडे समासात लिहिले.

मग ते गुडघ्यांवर आले.

"माळ ओवून देतो, महाराज."

"कशाला? दोऱ्याशिवाय जमलेत की ते."