केरबा आणि लाल चौकट

चिंचपाटी गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. ग्रामपंचायतीत तो तात्पुरता शिपाई होता. तात्पुरता म्हणजे सात वर्षं झाली होती. सांगितलेलं काम तो कधी चुकवत नसे. सांगितलेलंच करी, तेवढंच करी आणि तंतोतंत करी. ग्रामसेवकानं एकदा सांगितलं, जरा दारावर लक्ष ठेव. केरबा तीन तास दाराकडे बघत बसला. मागच्या खिडकीतून माकडं आली आणि केळी घेऊन गेली. ती त्याला दिसली, पण खिडकीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

त्या वर्षी टीव्हीवर एक मालिका लागायची. तिच्यात एक यंत्र होतं. शहरभर कॅमेरे, आणि कोण कुणाचा खून करणार ते यंत्र आधीच सांगायचं. मग काळ्या कोटातला इन्स्पेक्टर धावत जायचा आणि खून व्हायच्या आत खुनी पकडायचा. केरबाची बायको हौसा भाकरी थापता थापता बघायची. इन्स्पेक्टरला उशीर झाला की भाकरी करपायची. केरबा ती करपलेली भाकरी खात म्हणायचा, असं काम मिळालं पाहिजे.

सरपंच शेवंताबाईही ही मालिका चुकवत नसत. त्यांनी पंचायतीत ठराव केला आणि एका कंपनीकडून तसलंच यंत्र गावात आणलं. गावातला शेवटचा गुन्हा कोंबडीचोरीचा होता, तोही सहा वर्षांपूर्वीचा, आणि ती कोंबडी नंतर आपण होऊन परत आली होती. तरी बारा ठिकाणी चित्र आणि आवाज दोन्ही पकडणारे कॅमेरे लागले. पंचायतीच्या खोलीत एक पडदा आला, एक घंटा आली. कुठं मारामारी होणार असं यंत्राला वाटलं की त्या माणसाभोवती लाल चौकट यायची आणि घंटा वाजायची.

पडद्यासमोर बसायला कुणीतरी हवं होतं. रिकामा केरबाच होता. शेवंताबाईंनी त्याला सांगितलं, महिन्यानं जिल्ह्याचे मोठे साहेब यंत्र बघायला येणार आहेत, नीट काम केलंस तर त्यांच्या कानावर घालून तुला कायम करू.

"करायचं काय बाई?"

"चौकटीतल्या माणसाच्या हातात हत्यार दिसलं की धावत जायचं आणि काढून घ्यायचं. विचार करत बसायचं नाही."

"नाही करणार," केरबा म्हणाला. हा शब्द त्यानं पाळला.

पहिल्याच सकाळी घंटा वाजली. पडद्यावर एक माणूस दुसऱ्याच्या गळ्याशी वस्तरा धरून उभा होता. केरबा धावत सुटला. तुळशीराम न्हाव्याच्या दुकानात शिरला, वस्तरा हिसकावला आणि आणून पंचायतीच्या कपाटात बंद केला. खुर्चीत भगवंता बसला होता. त्याला त्या दिवशी मुलगी बघायला जायचं होतं आणि मिशी काढून टाकायची होती. तुळशीरामकडे दुसरा वस्तरा नव्हता. मोटार दारात उभी होती. भगवंता अर्धी मिशी घेऊन गेला. मुलीनं पोह्यांची बशी पुढे केली, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाकीची मागनं येणार आहे का?" सोयरीक तिथंच संपली.

शेवंताबाईंनी केरबाला समोर बसवून समजावलं. हातात काय आहे यावरून माणूस ओळखू नये, रागावरून ओळखावा. "हाताकडं बघूच नकोस. तोंड बघ. तोंड लालबुंद, डोळे वटारलेले, कपाळाच्या शिरा फुगलेल्या, असा माणूस दिसला की त्याला धरून इथं आण."

"हात नाही. तोंड," केरबा म्हणाला.

चार दिवसांनी देवीची पालखी निघाली. घंटा वाजली. पडद्यावर एक तोंड दिसलं. लालबुंद, डोळे वटारलेले, शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. केरबा गर्दीत घुसला आणि परसू गुरवाला बखोटीला धरून घेऊन आला. परसू गुरव पालखीपुढे सनई वाजवायचा. सनई वाजल्याशिवाय पालखी पाऊल पुढे टाकत नसे, अशी गावाची रीत होती. पालखी उन्हात तीन तास उभी राहिली. भोयांचे खांदे सोलून निघाले. तिकडे केरबा परसूला परत परत विचारत होता की खून कुणाचा करणार होतास. परसू सांगत होता की चाळीस वर्षं सनई वाजवतोय, फुंकताना तोंड असंच होतं.

शेवंताबाई धापा टाकत आल्या. "अरे, त्याच्या हातातली सनई दिसली नाही का तुला?"

"हाताकडं बघायचं नाही असं ठरलंय बाई."

शेवंताबाईंनी आधी परसूला पालखीकडे पाठवलं. मग त्यांनी नवा धडा दिला. तोंडावरून काही कळत नसतं, माणूस बोलतो काय ते ऐकायचं. मारीन, तोडीन, असं कुणी म्हणालं तरच त्याला आणायचं. दुसऱ्या कुणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला घंटा वाजायला लागली ती थांबेचना. बाराही कॅमेऱ्यांत लाल चौकटी. केरबानं कान लावला. वरच्या आळीत एक बाई म्हणत होती, डबा तसाच परत आणलास तर तंगडं मोडून हातात देईन. खालच्या आळीत दुसरी म्हणत होती, आंघोळीला ये नाहीतर सोलून काढते. तिसरी थोबाड फोडणार होती. केरबा बोटांवर मोजत गेला. एका गावात एवढे खुनी, आणि आपण इतकी वर्षं त्यांच्यात राहतोय.

तो घरोघर गेला आणि बाईंनी बोलावलंय म्हणून सांगत सुटला. कसलीतरी योजना असेल म्हणून बायका लगबगीनं आल्या. एक्केचाळीस बायका सभागृहात बसल्या. केरबानं बाहेरून कुलूप घातलं. शेवटी हौसाला आणलं. ती सकाळी त्याला म्हणाली होती, आज जेवायला उशीर केलास तर जीव घेईन. तिला आत सोडताना त्याला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. दुपारी पोरं उपाशी पंचायतीच्या पायऱ्यांवर येऊन बसली. त्यांच्यामागे त्यांचे बाप येऊन बसले.

शेवंताबाईही आतच होत्या. त्यांनी नातवाला कान उपटायची धमकी दिली होती. त्यामुळे पुढचा धडा त्यांना खिडकीच्या गजांतून द्यावा लागला. त्यांनी आधी केरबाला कुलूप काढायला लावलं, आणि मग एकेक शब्द सावकाश उच्चारून सांगितलं, "इथून पुढं कुणालाही पकडायचं नाही. ज्याला मारणार असतील, त्याला फक्त सुखरूप जागी न्यायचं. कुलूप लावायचं. आणि किल्ली कुणालाही द्यायची नाही. समजलं?"

"मारणाऱ्याला सोडायचं. मरणाऱ्याला कुलपात ठेवायचं," केरबा म्हणाला. त्याला हे काम आधीच्या कामांपेक्षा आवडलं.

मग साहेब यायचा दिवस उजाडला. शाळेच्या मैदानात मांडव पडला. रश्श्याचा बेत होता. साहेब आले, पंचायतीपुढे गाडी लावून मांडवात गेले. ड्रायव्हर चहा प्यायला गेला. तेवढ्यात घंटा वाजली. पडद्यावर आचारी सुरीला धार लावत होता आणि शेजारच्याला म्हणत होता, "आधी काळ्याला कापू, मग पांढऱ्याला."

केरबा धावला. काळ्या आणि पांढऱ्या मांडवामागे पाला खात होते. त्यानं दोघांचे दोर सोडले. आता सुखरूप जागा कुठली? गावात सगळ्यांत सुखरूप जागा एकच दिसत होती. साहेबांची गाडी. किल्ली गाडीलाच होती. त्यानं दोन्ही बोकड मागच्या सीटवर बसवले, काचा हवेपुरत्या उघड्या ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

साहेबांना वरण आणि भात मिळाला. तेही त्यांनी गोड मानून घेतलं. पण जेवून गाडीपाशी आले तेव्हा काळ्या एक फाइल संपवून दुसरीला लागला होता आणि पांढऱ्या साहेबांची टोपी चघळत होता. केरबा किल्ली देईना, म्हणून ड्रायव्हरनं काच फोडून दार उघडलं आणि वायरी जोडून गाडी चालू केली. साहेबांनी शेवंताबाईंना एवढंच सांगितलं की यंत्र उद्या संध्याकाळपर्यंत निघालेलं दिसलं पाहिजे. अर्ध्या टोपीनं ते निघून गेले.

साहेब दिसेनासे झाले आणि गावानं काठ्या उचलल्या.

केरबा इमानानं पडद्यासमोर बसला होता. घंटा वाजायला लागली. सगळं गाव लाल चौकटीत. भगवंता, तुळशीराम, परसू गुरव, भोई, आचारी, सगळे एका दिशेनं निघालेले. आज कुणाचं तरी मरण आहे, हे केरबानं ओळखलं. कुणाचं, ते शोधत तो एकेक कॅमेरा बघत गेला. बाराव्या कॅमेऱ्यात एका खोलीत एक माणूस एकटाच खुर्चीत बसलेला दिसला. पाठमोरा होता. खांदे पाडून पडद्याकडे बघत बसला होता. खोली पंचायतीचीच होती. गाव त्याच्याच रोखानं येत होतं आणि त्याला पळायचंसुद्धा सुचत नव्हतं.

केरबाचं काळीज तुटलं. तो ताडकन उठला, बाहेर आला, खोलीच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली मुठीत घट्ट धरली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

गाव येऊन थडकलं.

"तो आत आहे," केरबा म्हणाला. "पण आधी मला मारावं लागेल. त्याशिवाय त्याच्या केसालाही धक्का लागायचा नाही."

काठ्या उचललेल्या तशाच राहिल्या. शेवंताबाईंनी पुढे होऊन विचारलं, आत कोण आहे.

"तोंड दिसलं नाही बाई. पण माणूस गरीब वाटला."

भगवंतानं खिडकीतून आत डोकावून बघितलं. आत खुर्ची होती, पडदा होता. माणूस नव्हता. त्यानं तसं सांगितलं. केरबाचा विश्वास बसेना. त्यानं स्वतः खिडकीतून बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. डोळे भरून आले.

"घाबरून पळाला बिचारा," तो गावाकडे वळून म्हणाला. "काठ्या आणल्याच आहेत तुम्ही. चला, रानात घुसून शोधू त्याला."

आणि तो सगळ्यांच्या पुढे धावत सुटला.