थंड चुलीचा नकाशा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणी घेत नाही. आणि नाही घेत तेच बरं.

त्या राजाच्या भोजनशाळेला लागूनच मुदपाकखाना होता. मधे एकच भिंत. पलीकडे चुली पेटल्या की भिंत तापायची, भिंत तापली की राजाला घाम फुटायचा, आणि घाम फुटला की राजा चिडायचा.

"आम्ही इथे जेवायला बसतो की भाजायला?" एके दिवशी त्याने ताटच ढकललं. "मुदपाकखाना नव्याने बांधा. झळ येता कामा नये!"

राजशिल्पी कामाला लागला. माणूस हुशार, पण धुराचा आणि धांदलीचा त्याला भारी तिटकारा. म्हणून मापं घ्यायला त्याने दिवस कोणता निवडावा? शिळासप्तमीचा! श्रावणातल्या त्या दिवशी चूल पेटवतच नाहीत. तिला सारवतात, हळदकुंकू वाहतात, आणि आदल्या दिवशीचं रांधलेलं खातात.

मोठ्या आचारीणबाई चुलीपुढे रांगोळी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "आज काय बघणार, शिल्पीबुवा? आज चूल निजलीय. उद्या या, जागी असेल तेव्हा."

"उद्या तुमची गडबड. आज कसं निवांत मोजता येतं." त्याने ओट्यावर तळहात टेकला. "वा! काय गारवा आहे! इथेच आडवं व्हावंसं वाटतं."

"व्हा की," बाईंची नवी सून हसत म्हणाली. "उद्या फोडणीच्या ठसक्याने आपोआप उठाल."

सगळ्याजणी हसल्या. शिल्पीही हसला, आणि त्याने मनाशी पक्कं केलं: ही खोली मुळातच थंड आहे.

मग बांधकाम झालं. मधली भिंत दुहेरी केली आणि दोन थरांत भाताचं तूस ठासून भरलं. वर जाड माळा घातला. मागची खिडकी राणीच्या बागेकडे उघडायची, धूर फुलांवर जायचा. ती बुजवून टाकली.

"अहो, खिडकी कुठंय?" बाईंनी विचारलं.

"नकाशात नाही, बाई," गवंडी म्हणाला.

उन्हाळा आला. भोजनशाळा तळघरासारखी गार! "झळ गेली!" राजाने शिल्पीच्या खांद्यावर शेला घातला.

गेली? कुठे गेली? झळ अशी कुठे जात नसते. तूस तिला राजाकडे जाऊ देईना, माळा वर जाऊ देईना, खिडकी तर नव्हतीच. ती सगळी बायकांच्या अंगावर राहिली. बाईंनी निरोपामागून निरोप धाडले. उत्तर ठरलेलं: "भोजनशाळा उत्तम थंड आहे. तक्रार कसली?"

सून आता गरोदर होती. ऐन वैशाखात, पाहुण्यांची पंगत बसलेली असताना, ती चुलीपाशीच कोसळली.

बाई हातातल्या झाऱ्यासकट पंगतीत घुसल्या. "माझी सून आत मरतेय! बुजवलेली खिडकी फोडा!"

सगळे दचकले. शिल्पी उठला. "अशक्य! महाराज, मी स्वतः आत बसून पाहिलंय. ओटासुद्धा गार होता."

"कधी पाहिलंत? सांगा ना चारचौघांत! शिळासप्तमीला!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मूर्खा!" राजा शिल्पीवर गरजला.

"त्यांच्यावर कशाला ओरडता?" बाई राजावरच उसळल्या. "ते निदान चुकीच्या दिवशी तरी आले. तुम्ही कोणत्या दिवशी आलात, महाराज? एका भिंतीपलीकडे होतो आम्ही! झळ नको म्हणालात. ती जाणार कुणाकडे, ते विचारलंत कधी?"

"पंगत उठू दे, मग बघू," राजा पुटपुटला.

पंगत! बाईंनी पाठ फिरवली. मुसळं, वरवंटे, हाताला लागेल ते घेऊन बायकांनी खिडकी फोडली. वारा आत आला. सुनेने डोळे उघडले. पण बायकांचे हात थांबेनात. त्यांनी मधली भिंतही फोडली. तूस उधळून पाहुण्यांच्या श्रीखंडावर बसलं, आणि त्यामागून झळ अशी आली, की राजा पाटावरून उठून पळाला.

सून वाचली. सगळ्याजणी चूल सोडून घरी गेल्या, आणि थोड्याच दिवसांत बाळही सुखरूप जन्मलं. तेव्हा राजाचा निरोप आला, "झालं ना सगळं ठीक? आता राग सोडा. हव्या तेवढ्या खिडक्या देतो, परत या."

अशा ठिकाणी गोष्टीत क्षमा करतात. बाईंनी केली नाही.

"ठीक झालं ते आम्ही फोडलं म्हणून," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय केलंत?" आणि सुनेला, नातवाला नि सगळ्या आचारिणींना घेऊन त्या राज्याची वेस ओलांडून गेल्या.

मुदपाकखान्याला चारी बाजूंनी खिडक्या झाल्या. चूल पेटवायला मात्र कुणीच येईना. शेवटी भुकेने कासावीस झालेला राजा स्वतः फुंकणी घेऊन बसला. पहिल्याच फुंकरीला त्याच्या मिशा होरपळल्या, आणि "पाणी आणा" ही त्याची हाक ऐकायला पलीकडे कुणीही नव्हतं.

तात्पर्य: आपल्याला झळ लागत नाही, म्हणजे आग विझली असं नव्हे, ती आपण दुसऱ्याच्या अंगावर ढकललेली असते.