लाल गाडीचा हट्ट

गाड्या आपसांत बोलत आणि माणसांना ते ऐकू येत नसे, त्या काळची ही गोष्ट.

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक छोटी लाल गिअरची गाडी होती. चालवायला मजेची, किमतीलाही परवडणारी. तरी शनिवारपर्यंत विकली गेली नाही, तर ती भंगारात जाणार होती.

शुक्रवारी श्रीरंग मामांबरोबर आला. लायसन्स नवंकोरं. गिअर हलवून पाहताच त्याचा चेहरा उजळला.

"मामा, हीच! कसली पळेल बघा!"

पट्टा न लावताच त्याने किल्ली फिरवली. गाडी सुरू होईना. पुन्हा फिरवली. तरी नाहीच.

शेजारची पांढरी गाडी हादरली. "अगं, वेड लागलं का? उद्या भंगारात जाशील!"



"रुसली वाटतं," मामा हसले. "आधी पट्टा लाव, मग तिची समजूत काढ."

श्रीरंगने पट्टा लावला, आणि गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

"हे काय गं?" पांढरीने विचारलं.

"आधीच्या घरच्या मुलानेही पट्टा लावला नव्हता," लाल गाडी म्हणाली. "तेव्हा मी लगेच सुरू झाले. घरी मला एकटीलाच ओढून आणलं."