चुलीवर धरलेला हात

फार पूर्वी, म्हणजे आगकाडी कुणाच्या स्वप्नातसुद्धा नव्हती तेव्हा, एका उंच, गार डोंगरावर एक गाव होतं. गावाला वाऱ्याची कमी नव्हती, पाण्याची नव्हती, भांडणांची तर मुळीच नव्हती. कमी होती ती लाकडाची. पिढ्यान्‌पिढ्या तोडून डोंगर पार बोडका झालेला. बायका उजाडता मोळीला निघायच्या त्या उन्हं कलली की परतायच्या, आणि एवढं करून घरात उबेपेक्षा धूरच जास्त. पोरं सबंध हिवाळा खोकत बसायची.

त्या गावात कोंडाबाई नावाची एक बाई होती. जिभेची फटकळ, पण गावाचा तिच्यावर भारी विश्वास, कारण गावची गारगोटी तिच्या कनवटीला असायची. दर माघी पौर्णिमेला सगळं गाव आपापल्या चुली विझवायचं. मग कोंडाबाई चावडीपुढच्या मोठ्या चुलीशी बसायची, गारगोटीवर चकमक मारून शेवरीच्या कापसावर ठिणगी पाडायची, आणि तो नवा विस्तव घरोघर जायचा. तिची सासू हेच करायची, सासूची सासूही हेच करायची.

गावाची आणखी एक रीत होती. लिहायला-वाचायला तिथे कुणालाच येत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. ज्याला शब्द द्यायचा असेल त्याने पेटत्या चुलीवर हात धरायचा आणि बोलायचं, बस्स. सोयरिकी, शेताचे बांध, गुरांची वाटणी, सगळं त्यावर चालायचं. चुलीवर हात धरून दिलेला शब्द कुणी फिरवल्याचं गावाला आठवत नव्हतं.

एकदा माघ सरता सरता खालच्या मुलखातल्या मोठ्या राजाचा दूत डोंगर चढून आला. अंगावर तीन शाली, तरी दात वाजतायत. बरोबर तांब्याचा डबा होता. त्याने तो चावडीवर उघडला आणि चिमट्याने एक खडा बाहेर काढला. लिंबाएवढा खडा, पण त्याची धग चार हातांवर बसलेल्या माणसाला लागत होती. हा सूर्यखडा, दूत म्हणाला. एक खडा चुलीत ठेवला की दोन वर्षं लाकूड नको, फुंकणी नको, धूर तर औषधालाही नाही. राजा घरटी एक खडा द्यायला तयार होता.

गाव आ वासून बघत राहिलं. मग दूताने अटी सांगितल्या. एक, राजाचा तपासनीस महिन्याला येऊन प्रत्येक चूल बघून जाईल. दोन, खडे आहेत तोवर गावाने स्वतःची ठिणगी पाडायची नाही. का, तर ज्याला ठिणगी पाडता येते त्याला शेजाऱ्याची गंजी पेटवायलाही येते, आणि राजाला शेजारपाजारच्या गावांनाही जाब द्यावा लागतो.

झालं, चावडीवर जुंपली. म्हातारा लोहार उठला आणि म्हणाला, आज चुलीत डोकावतील, उद्या ताटात डोकावतील, आपण आपल्याच घरात पाहुणे होऊ. बायकांचं म्हणणं निराळं होतं. परक्या बाप्याने आमच्या चुलीच्या वैलात डोकावायचं हे त्यांनाही रुचत नव्हतं, पण मोळी त्यांच्या डोक्यावर होती, लोहाराच्या नव्हती. पाटील कधी इकडे मान डोलवी, कधी तिकडे. तीन दिवस हेच चाललं. घराघरांत नवरा-बायकोंनी अबोला धरला.

कोंडाबाई लोहाराच्या बाजूची. पण तिच्या घरी नवी सून आली होती, आज ना उद्या पाळणा हलायचा होता, आणि मागच्या दोन हिवाळ्यांत गावातली तीन तान्ही थंडीने गेली होती. हे तिच्या मनातून हलेना. शेवटी चौथ्या दिवशी तिने दूतालाच गाठलं. तो मोठ्या चुलीपाशी बसला होता, दोन्ही हात विस्तवावर धरून. भोवती सगळं गाव.

"माघी पौर्णिमेचं काय?" तिने विचारलं. "वर्षाची ती एक ठिणगी चालेल का?"

"तुमच्या सणाला कोण हात लावतंय, बाई," दूत म्हणाला. "खुशाल करा."

सगळ्यांनी बघितलं. दोन्ही हात चुलीवर. एक हात धरला तरी गावात कुणी जन्मात शब्द फिरवत नाही, याने तर दोन धरले. कोंडाबाईच्या छातीवरचा दगड उतरला. ती वळली आणि म्हणाली, "माझा होकार." गारगोटीवाल्या बाईचाच होकार म्हटल्यावर बाकीच्यांचं काय राहिलं? लोहार तेवढा उठून गेला.

दूताने कागद पुढे केला. त्या दिवशी महिन्याच्या फेरीला आलेला मीठवाला तिथेच होता. त्याला वाचता यायचं. तो आपणहून म्हणाला, अंगठे उठवण्याआधी वाचून दाखवू का, लांबलचक दिसतोय. पाटलाला ते फार लागलं. पाहुण्याने चुलीवर हात धरलाय आणि आम्ही त्याच्यासमोर कागद तपासायचा? मीठवाल्याला गप्प बसवण्यात आलं. सगळ्यांनी अंगठे उठवले, मागाहून लोहारानेही. गावाच्या वाट्याचा कागद पाटलाने देवघरात नेऊन ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि दर सणाला वाहत राहिला. वाचला मात्र कुणीच नाही. पूजा केली की काम झालं, असं त्या गावाला वाटायचं.

वर्ष कसं गेलं म्हणता? सुखात गेलं. पोरांचा खोकला गेला. बायकांना दुपारी बसायला वेळ मिळाला, त्यामुळे भांडणं थोडी वाढली, पण ते चालायचंच. डोंगरावर रोपं दिसायला लागली. पौषात कोंडाबाईला नातू झाला, तोही आठव्या महिन्यात, मूठभर. खडा नसता तर तो जगला नसता हे सुईण बोलली आणि कोंडाबाईने ते मनोमन मानलं. येता-जाता ती चुलीतल्या खड्याला हात जोडायची.

मग माघी पौर्णिमा आली. घरोघरच्या खड्यांवर झाकण पडलं. कोंडाबाईने राखून ठेवलेल्या चार लाकडांवर ठिणगी पाडली, नवा विस्तव झाला, ढोल वाजले. योगायोगाने तपासनीस त्याच दिवशी आला. गावाने त्याला मानाने बसवलं, हातावर गूळखोबरं ठेवलं आणि कौतुकाने सगळं सांगितलं. तो गूळखोबरं तसंच मुठीत धरून उतरून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूत आला, बरोबर वीस शिपाई आणि खेचरं. त्यांनी खालच्या आळीपासून सुरुवात केली. शिपाई घरात शिरायचे, चिमट्याने खडा उचलायचे, डब्यात टाकायचे. कुणी अडवलं नाही, कारण काय चाललंय हेच कुणाला कळेना. एक म्हातारी तर शिपायाला पाणी द्यायला पुढे झाली. तिला वाटलं, खडे बदलायला आलेत.

कोंडाबाईचं घर खालच्याच आळीत. ती पाण्याहून परतली तेव्हा चूल रिकामी होती. सुनेने बाळाला पोटाशी घेतलं होतं आणि एका हाताने ती मुसळ फोडत होती, जाळायला. बाळाचे ओठ निळे पडले होते. कोंडाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. तिने डोईवरचा हंडा तिथेच टेकवला. मग ती तशीच चावडीकडे निघाली, आणि बाळाला घेऊन सून तिच्या मागे.

मोठ्या चुलीत माघीचा विस्तव अजून होता. दूत तिथेच उभा होता, मान खाली घालून. त्याला काही हे काम आवडत होतं अशातला भाग नव्हता. पाटील, लोहार, सगळं गाव जमलं होतं.

"तुम्ही शब्द दिला होता," कोंडाबाई म्हणाली.

"कुठला शब्द?"

"याच चुलीवर. हात धरून. साऱ्या गावाने बघितलंय."

दूताने आधी चुलीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. त्याला खरोखरच कळत नव्हतं. मग हळूहळू कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाई," तो म्हणाला, "मी हात शेकत होतो."

पाटील मटकन खाली बसला. ज्या हातांवर भरवसा ठेवून दोनशे घरांनी अंगठे दिले, ते हात नुसते गारठले होते! कोंडाबाईला हसावं की रडावं कळेना. होकार तिनेच दिला होता, आणि तिच्यामुळे बाकीच्यांनी.

सणाचं मी बोललो ते खरं, दूत म्हणाला, पण ते माझं बोलणं. राजा कागद बघतो, आणि कागदात ठिणगी म्हणजे ठिणगी. मग त्याने वाट काढून दिली. गारगोटी आणि चकमक आत्ता माझ्या हातात द्या, खडे आत्ता परत ठेवतो.

पाटील म्हणाला, दे. आळीतल्या बायका म्हणाल्या, देऊन टाक, कोंडाबाई. सुनेने बाळाच्या अंगावरचं फडकं आणखी घट्ट केलं. कोंडाबाईने कनवटीची पिशवी सोडली. गारगोटी तळहातावर घेतली. तिच्या सासूच्या बोटांनी झिजलेली खाच तिच्या अंगठ्याला लागली. दूताने हात पुढे केला.

"देईन," कोंडाबाई म्हणाली. "पण मागल्या वेळी न ऐकता होकार दिला. आता न ऐकता हातातलं देणार नाही. कागद आणा."

पाटील कळवळून म्हणाला, अगं, पोर गारठतंय, आणि तुला कागद सुचतोय? दूतही म्हणाला, कशाला वेळ घालवता.

"पोर गारठतंय म्हणूनच म्हणते. लवकर आणा."

देवघरातून कागद आला. हळदीने पिवळा पडलेला, घडीत तांदूळ अडकलेले. माघीसाठी आलेला मीठवाला गोणी टाकून पुढे झाला. त्याने तांदूळ झटकले आणि विस्तवाच्या उबेला बसून खड्या आवाजात वाचायला घेतलं. पहिलं कलम, दुसरं, तिसरं. नवव्या कलमात ते होतं. ठिणगी पाडल्यास खडे परत घेण्याचा राजाला हक्क. दूत म्हणाला, ऐकलंत ना? बायकांनी मान खाली घातली.

"पुढचं वाचा," कोंडाबाई म्हणाली.

मीठवाल्याने दहावं वाचलं, अकरावं वाचलं. बाराव्यावर तो अडखळला. त्याने डोळे बारीक केले आणि ते पुन्हा वाचलं. खडे परत घेण्याआधी दोन्ही पक्षांनी पुरतं एक वर्ष एकत्र बसून बोलावं, आणि त्या वर्षात एकही खडा जागचा हलवू नये.

त्या सकाळी गावाला हा दुसरा धक्का, आणि तो पहिल्याहून मोठा होता. वर्षभर देवघरात हळदकुंकू खात पडलेला कागद, आणि त्यात हे लिहिलेलं होतं! पाटलाने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, जणू आता तरी त्याला वाचता येणार होतं.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" कोंडाबाईने दूताला विचारलं.

त्याने शिपायांना डबे खाली उतरवायची खूण केली.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुम्ही कधी विचारलंच नाही."

कोंडाबाईने गारगोटी पुन्हा कनवटीला बांधली. गाठ बसेना, शेवटी लोहाराने बांधून दिली. शिपायांनी खडे परत ठेवायला घेतले. पहिला खडा कोंडाबाईच्या चुलीत गेला. दुपारी बाळाचे ओठ लाल झाले आणि त्याने असा काही गळा काढला की आळीतल्या बायका कामं टाकून तो ऐकायला आल्या.

पुढचं वर्षभर बोलणी झाली. दूत चारदा डोंगर चढला. दोघांनी थोडं थोडं सोडलं. माघीची एक ठिणगी चालेल, पण चावडीवर, सगळ्यांसमोर. तपासनीस चावडीवर आणलेले खडे मोजेल, बायकांच्या वैलात डोकावणार नाही. लोहाराला हेही पटलं नाही. त्याने आपला खडा परत केला आणि धुरात खोकत राहिला. गावाने त्याला नावं ठेवली नाहीत. मीठवाला हिवाळाभर गावात राहिला आणि त्याने सात जणांना अक्षरं शिकवली. त्यात कोंडाबाई होती. तिला "क" जमला, "ख"ने मात्र तिचा फार छळ केला.

नव्या कागदावर अंगठे उठवायचा दिवस आला. डोंगरावर धुकं होतं आणि वारा असा की बोलणाऱ्याचे शब्द जागेवर राहत नव्हते. दूत काकडत चावडीवर आला, मोठ्या चुलीपाशी बसला आणि त्याने सवयीने दोन्ही हात पुढे केले. सगळं गाव टक लावून त्या हातांकडे बघत होतं. कोंडाबाईने कडेवरचा नातू सुनेकडे दिला, वाकून दूताचे दोन्ही हात धरले, हळूच बाजूला केले आणि त्यांत कागद ठेवला.

"आधी वाचा, पाहुणे," ती म्हणाली. "मग शेका."

तात्पर्य काय, तर ऊब कुणाकडूनही घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण ज्या कागदावर आपला अंगठा उठलाय, त्याची शेवटची ओळ कानावर पडेपर्यंत हातची गारगोटी सोडू नये.