सगळ्यात स्वस्त काडीमोड

ठेकेदार दिगंबररावांचा आवाज चढला की त्यांची बायको वसुमती हातातलं काम टाकून उभी राहायची. त्या दिवशी त्यांनी वकिलांना घरी बोलावलं आणि तिला समोर उभं केलं.

"कोर्टात भांडून घटस्फोट घेतला तर तीन लाख, संमतीने घेतला तर चाळीस हजार. आणि तू मुकाट्याने माहेरी गेलीस, तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पस्तीस रुपयांत काम होतं. बोल, स्वस्त काय?"

 पदर मुठीत धरून वसुमती कशीबशी म्हणाली, "तुम्हीच जाणं स्वस्त. बायकांना स्टॅम्प ड्युटी कमी म्हणून हे घर तुम्ही माझ्या नावावर घेतलंत. सासूबाई मागच्याच गल्लीत राहतात. तिकीटही लागणार नाही."

वकिलांनी दिगंबररावांकडे पाहिलं. वकील हळूच म्हणाले, "मग साहेब, बॅग तुम्हालाच भरावी लागेल."