काजळीचा होकार

त्या मुलखात प्रत्येकाची दौलत त्याच्या पाठीवरच असे. मेंढरांची लोकर तरुणपणी कातरली तरी पुन्हा येई. म्हातारपणी मात्र गेली ती गेली, म्हणून थकलेली मेंढरं उरलेल्या लोकरीवर थंडी काढत.

ज्यांना कळपाबरोबर चालवेनासं होई त्यांना कड्याखालच्या आसऱ्यात ठेवत. आसरा वानरांचा होता. चारापाणी आणि छपराबद्दल दर अमावास्येला लोकरीचा एक झुबका द्यायचा असा ठराव होता, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. काजळी नावाची म्हातारी मेंढी तिथे आली तेव्हा तिची पाठ चांगली भरलेली होती. तिची लेक ठिपकी दोन डोंगर ओलांडून भेटायला येई. तिकडे कोकरं, इकडे आई. ठिपकी पार दमून गेली होती.

हिवाळ्याच्या तोंडावर ती आली, तर आईच्या पाठीवर जागोजागी कातडी दिसत होती.

आसऱ्याची कारभारीण वानरी तोंडात साखर घेऊनच बोले. “अहो ठिपकीताई, विचारल्याशिवाय आम्ही कातर उचलतच नाही. मऊ अंथरूण हवं का विचारलं, हो म्हणाल्या. उन्हाचा कोपरा हवा का, हो म्हणाल्या. त्याचे झुबके वेगळे. माझ्या नातीच्या पाळण्यासाठी थोडी देता का विचारलं, तर किती मायेने मान डोलावली! साक्षीदार आहेत ना.”

साक्षीदारही वानरच होते. मऊ अंथरुणाच्या नावाखाली थोडं कुजकं गवत होतं. ठिपकीला संताप आला, आणि त्याहून जास्त थकवा आला. असंच चाललं असतं तर आई त्या थंडीतून उठली नसती.

मुलखातले तंटे एक बुजुर्ग एडका सोडवी. त्याच्याकडे बरेच हेलपाटे घातल्यावर तो एकदाचा आला आणि म्हणाला, “मान डोलावली म्हणजे होकार. रीतच आहे तशी.”

तेव्हा ठिपकी आईसमोर जाऊन उभी राहिली. वयामुळे काजळीची मान हल्ली सतत खाली-वर होत असे. रोज सगळे बघत, पण कुणी लक्ष दिलं नव्हतं.

“आई, तू लांडगा आहेस का?”

काजळीने मान डोलावली.

“तुला कड्यावरून ढकलून देऊ का गं?”

मान तशीच डोलली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. आईचं सगळ्यांसमोर असं हसं करावं लागलं, ठिपकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एडक्याने काजळीच्या उघड्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाला, “यापुढे हिच्या मानेवर कुणी जायचं नाही. लेकीला विचारायचं, लेकीसमोरच कातरायचं.” वानरीने मुळीच राग धरला नाही. कातर घेऊन ती शेजारच्या मेंढीकडे वळली. त्या मेंढीला भेटायला कुणी येत नसे.

ऊन उतरलं. उरलेली लोकर वाचली होती. ठिपकीने कुजकं गवत काढून सुकं पसरलं, आईला त्यावर नीट बसवलं. दर खेपेला निघताना ती एकच गोष्ट विचारी, “ओळखलंस ना मला, आई?” आणि मिळालेल्या उत्तराच्या बळावर दोन डोंगर चढून घरी जाई. आजही प्रश्न ओठांवर आला. तो तिने गिळला आणि वाटेला लागली.

पाठीमागे काजळीची मान डोलत होती.